रिकाम्या बेटाची कचेरी

"ते इरली. कचेरी कुठली?"

कुठल्याही गावाचं नाव काढलं की आमचे शेजारी अण्णा हा प्रश्न विचारायचे. इरली म्हणजे कानडीत असू दे. तिथलं देऊळ किती जुनं, पाणी कसं, हे सगळं असू दे. आधी गाव कुठल्या कचेरीखाली येतं ते सांगा. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. त्यांचा जन्म तहसील कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेला होता. नंबर नसलेला कागद त्यांच्या लेखी कागदच नव्हता. निवृत्तीनंतर घरच्या टपालासाठीही त्यांनी कोप्पीकर रोडवरून 'आवक'चा शिक्का करून आणला होता.

मळमड्डीत आमची घरं समोरासमोर. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून लेकीच्या वयाची असूनही ते मला 'अक्कोरे' म्हणत. इकडं शाळेतल्या बाईंना तसंच म्हणतात.

काकू गेल्यावर अण्णा एकटे राहिले. बेंगळूरचा मुलगा दर सणाला न्यायला यायचा आणि एकटाच परत जायचा. अण्णा म्हणायचे, "ओस घर बेवारस होतं हो. नोकरीत किती बघितली. आधी गवत येतं, मग शेजाऱ्याची म्हैस येते, मग शेजारी." शेजारीण मीच होते आणि माझ्याकडे म्हैस नव्हती, पण ते बोलण्याच्या भरात. खरं सांगायचं तर परसात काकूंनी लावलेला पेरू होता, फडताळात त्यांनी मांडलेले डबे होते, आणि कुलूप लावलं की हे सगळं कुणाचंच उरणार नाही, ही त्यांची भीती होती. तिकडं नातीसाठी जीव तुटायचा. तिचा फोन झाला की बराच वेळ ते फोन हातात धरूनच बसत.

एका रविवारी मी कट्ट्यावर नकाशांचं पुस्तक उघडून प्रश्नपत्रिका काढत होते. अण्णा येऊन बसले. नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्रात त्यांचं बोट थांबलं.

"हे काय हो?"

"यान मायेन."

"यानं मायेनं काय केलं?"

हसू आवरून मी सांगितलं की ते बेटाचं नाव आहे. एका टोकाला बर्फानं झाकलेला ज्वालामुखी, दुसरीकडं लांबट शेपूट.

"आचमनाची पळी आहे की. माणसं किती?"

"कायमचं कुणीच नाही. हवामान वगैरे बघायला थोडे लोक पाळीपाळीनं येतात-जातात."

"ते इरली. कचेरी कुठली?"

"बेट नॉर्वेचं. समुद्रापलीकडं एका जिल्ह्याचा अधिकारी आहे, तो तिथनं कारभार बघतो. बेटाला पिनकोडसुद्धा आहे."

"डोंगर पेटला तर पंचनामा कोण करणार?"

"तोच अधिकारी करत असेल."

 अण्णांच्या पुढ्यातला चहा निवून गेला, तरी त्यांचं बोट नकाशावरच होतं. मग स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे माणूस नसलं तरी चालतं. कचेरी पाहिजे."

चार दिवसांनी ते एक कागद घेऊन आले. जावक क्रमांक एक. विषय: रिकाम्या घराचा कारभार. समोरच्या अक्कोरांनी दर शनिवारी कुलूप काढून खिडक्या उघडाव्यात. डबे जागचे हलवू नयेत. पेरू गल्लीतल्या मुलांना द्यावेत. पाखरांनी खाल्लेल्यांची चौकशी करू नये. घराची स्थिती दरमहा पत्रानं कळवावी. खाली सही, तारीख आणि किल्ली.

मुलगा न्यायला आला तेव्हा अण्णा त्याच्याआधी रिक्षात बसले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "कारभार करा अक्कोरे. पण यान मायेन, बरं का." एवढ्या वर्षांत त्यांनी केलेला तो एकच विनोद, आणि तो करून ते स्वतःच इतके हसले की रिक्षावालाही हसू लागला.

माझं पहिलं पत्र आठ दिवसांत परत आलं. वर शेरा होता: जावक क्रमांक नाही. त्यानंतर मी चुकले नाही. उत्तरं यायची, त्यात घराच्या चौकशा कमी होत गेल्या आणि नातीच्या गोष्टी वाढत गेल्या. एकदा लिहिलं होतं, "इथं मी नातीच्या कचेरीखाली येतो. तक्रार नाही."

गेल्या दिवाळीनंतर बेंगळुरातच झोपेत ते गेले. मुलाचा फोन आला. "अक्का, आता पत्रं नका पाठवू. घराचं पुढं बघू." बरोबरच होतं त्याचं. पण हुकूम रद्द झाल्याचा कागद काही माझ्याकडं आला नाही. आणि मला त्यांची फार आठवण येते.

म्हणून महिनाअखेरच्या शनिवारी मी पत्र लिहिते, नंबर घालते आणि त्यांच्याच दाराच्या फटीतून आत सरकवते. मग कुलूप काढून आत जाते, ते उचलते आणि त्यांच्या टेबलावरच्या शिक्क्यानं आवक करून घेते. या वेळी लिहिलं: पेरूला फुलं आली आहेत. डबे जागच्या जागी आहेत. कारभार मायेनं चालू आहे.