फाटलेलं की उसवलेलं

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसांनो, संशोधन म्हटलं की आपल्या गावांकडे कोणी बघत नाही, हे तुम्हीही सोसलंय. जीन्स कुठे शिवतात विचारा, बोट लगेच आपल्याकडे. आता त्या जीन्सचीच गोष्ट ऐका.

माझी भाची प्रज्ञा बदलापूरच्या खरवईत राहते आणि डायनोफ्लॅजेलेटचे जीवाश्म अभ्यासते. हे पाण्यातले एकपेशीय जीव... साध्या डोळ्यांना न दिसणारे. त्यातले काही कवच करून आत झोपतात आणि वेळ आली की कवचाचा ठरलेला भाग उघडून निघून जातात. रिकामं कवच कोट्यवधी वर्षं खडकात टिकतं.

कच्छच्या खडकात तिला असं एक कवच सापडलं, जे माहीत असलेल्या कुठल्याच प्रजातीत बसेना. दीड वर्ष खपून तिने वर्णन लिहिलं, नवी प्रजाती म्हणून पेपर पाठवला. पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचं उत्तर आलं... ही जुनीच प्रजाती, कवच तेवढं फुटलेलं आहे. पुरावा द्या, नाहीतर पेपर मागे घ्या.

पोरगी जेवेना. मी नेहमीप्रमाणे सुरू झालो... ज्ञानाची मक्तेदारी, आपल्या पोरांवरचा अविश्वास.

"तुझी सभा नंतर," ताई म्हणाली. "प्रज्ञा, तो फोटो मोठा कर गं."

ताई, म्हणजे प्रज्ञाची आई, उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे. परत आलेली पँट गिऱ्हाइकाने फाडली की शिलाई सुटली, हे शेठ तिलाच विचारतो.

लॅपटॉपला नाक लावून ती बघत राहिली. कवच म्हणजे जोडलेले तुकडेच, मधे शिवणीसारख्या रेषा.

"फाटलेलं कुठंय हे? उसवलंय. फाटलं असतं तर तुकड्याच्या मधून कसंही गेलं असतं. हे शिवणीशिवणीने गेलंय बघ."

"आई, एखाद्यात योगायोगाने होतं तसं."

"मग बाकीचे दाखव ना. एक पीस बघून कोण माल पास करतं?"

प्रज्ञाने लॅपटॉप पुढे ओढला. पेपरात तिने सगळ्यात देखणा एकच फोटो लावला होता. दबलेले, वाकडे दहा नमुने बाजूला ठेवले होते... तेही उघडले. अकराच्या अकरा त्याच दोन तुकड्यांच्या कडेने सुटलेले. ते दोन तुकडे निघून पडलेलं भोक म्हणजे त्या जीवाचं स्वतःचं दार होतं, आणि जुन्या प्रजातीचं दार एकाच तुकड्याचं असतं.

तिने अकराही फोटो पाठवले. काल होकार आला, आपल्या खरवईच्या मुलीची प्रजाती आता नव्या नावाने नोंदली जाणार.

कष्टकऱ्यांच्या हातात ज्ञान असतं, असं मी वर्षानुवर्षं माइकवरून सांगत आलो. घरातल्या ताईला मात्र एकदाही काही दाखवलं नव्हतं... याची लाज वाटली, आणि आनंद त्याहून मोठा.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या वाचनालयात प्रज्ञा मायक्रोस्कोप मांडणार आहे. एकटे येऊ नका. तुमच्या घरातलं शिवणारं, विणणारं, लेथ चालवणारं माणूस सोबत आणा, आणि आधी त्याला बघू द्या.