अंगात आलं नव्हतं, साखर उतरली होती

"तुमच्या अंगात कुणी आलं नव्हतं, मावशी. तुमच्या रक्तातली साखर छत्तीसवर आली होती."

डॉक्टरीणबाई हे बोलल्या तेव्हा मी दवाखान्याच्या खाटेवर होते. हाताला सलाईन. कपाळावर अजून हळद-कुंकवाचा मळवट. त्यातलं कुंकू घामानं ओघळून उशीला लागलं होतं आणि सिस्टर सारख्या त्या डागाकडे बघत होत्या.

डॉक्टरीणबाई त्याला हायपोग्लायसेमिया म्हणाल्या. मला काही कळलं नाही, पण विचारायची लाज वाटली. मी आमच्या मालकांकडे बघितलं आणि त्यांनी विचारलं. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर नको तितकी खाली येणं. मेंदूला चालायला साखर लागते. ती मिळाली नाही की माणूस थरथरतो, घामाघूम होतो, बरळतो आणि शेवटी पडतो.

"साखर वाढली तर शरीर बिघडायला वर्षं लागतात," त्या म्हणाल्या. "उतरली तर मिनिटं पुरतात."

मला रडू यायला पाहिजे होतं. पण राग आला. तो अजून गेलेला नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. कधी कुणा बाईच्या हाती पडलं तर तिनं माझ्यासारखं मरणाच्या दारात जाऊन शिकू नये.

मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. दोन वर्षांपूर्वी वस्तीवर तपासणी शिबिर झालं, त्यात मला डायबेटीस निघाला. डायबेटीस म्हणजे साखरेचा आजार. एका दवाखान्यातून गोळी सुरू झाली. गोळी देताना एवढंच सांगितलं, जेवणाआधी घ्या आणि गोड बंद करा.

गोड बंद, हे साऱ्या वस्तीनं पाठ केलं. हळदी-कुंकवाला गेलं की पेढ्याचं ताट माझ्यापुढून उचललं जायचं. "तिला नको गं, तिला साखर हाय." चहा करणारीनं चुकून चिमूटभर साखर टाकली तर चार बायका ओरडायच्या. साखर माझी वैरीण आहे, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. तीच साखर कधी कमी पडून जीव जाऊ शकतो, हे मला एकानंही सांगितलं नाही. डॉक्टरनंही नाही.

आणि जेवणाआधी म्हणजे केव्हा? ज्या बाईचं ताट घरात सगळ्यांच्या शेवटी वाढलं जातं, तिचं जेवणाआधी केव्हा येतं? मी उजाडताच गोळी घ्यायची आणि मळ्यात जायची. एरवी मळ्यातून आल्यावर भाकरीचा तुकडा तरी तोंडात पडायचा, म्हणून निभावलं. नवरात्रात तेही नाही.

आमच्या घरी घट बसतात. घटाला त्या दिवसाची माळ चढून आरती झाल्याशिवाय घरातल्या बाईनं तोंडात काही घालायचं नाही, अशी रीत. सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्याबाईंची शिस्त कडक. त्यातून दसरा तोंडावर, झेंडूला मागणी. पहाटेपासून वाकून तोडा करायचा, कॅरेट भरायची, मग घरी येऊन माळ ओवायची. तोवर ऊन डोक्यावर यायचं. गोळी मात्र पहाटेच पोटात गेलेली असायची. मालकच आठवण करायचे, "गोळी घेतली का?" त्यांना वाटायचं, आपण बायकोची काळजी घेतो.

गोळी सुरू झाली त्या वर्षी तिसऱ्या माळेला आरती सुरू झाली आणि माझे ओठ बधिर झाले. मग हात थरथरायला लागले. छाती धडधडत होती, पाठीवरून घामाच्या धारा. समोरचा दिवा दोन-दोन दिसायला लागला. मला वाटलं बसावं, तर पाय हलेनात आणि अंग आपोआप डोलायला लागलं.

शेजारची सिंधू टाळ्या वाजवत होती, ती थांबली. "आगं बया! वहिनीच्या अंगात आलं!"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आत्याबाईंच्या सासूबाई, त्यांना सगळे थोरल्या आई म्हणत, त्यांच्या अंगात यायचं. गडावरची देवी येते म्हणून लांबून बायका यायच्या. त्या गेल्या आणि घरातलं वारं बंद झालं. आत्याबाईंनी त्याची किती वर्षं वाट बघितली असेल! त्या धावत आल्या, माझ्या कपाळाला मळवट भरला आणि पायावर डोकं ठेवलं.

लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईनं मला एकदा "दमलीस का" विचारलं नाही, ती माझ्या पायाशी. मला लाजेनं मरायला झालं, पण जीभ वळत नव्हती. सगळा जोर लावून एवढंच बोलले, "गोड... गोड द्या."

"आई गोड मागती!" सिंधू ओरडली. "पुरण मागती!"

"देते गं माय," आत्याबाई हात जोडून म्हणाल्या. "नवमीला पुरणाचा निवद देते. आता शांत हो."

नवमी लांब होती. घटापुढं वाटीत साखर होती, माझ्या हातभर अंतरावर. अख्ख्या घरानं मला नमस्कार केला आणि कुणी ती वाटी पुढं केली नाही.

आरती संपल्यावर केळं आणि साखरेचा प्रसाद वाटला. पहिला मला दिला, देवी म्हणून. त्या दिवशी कुणी "तिला साखर हाय" म्हणालं नाही. तो खाऊन थोड्या वेळात माझी थरथर थांबली, डोळ्यांपुढचं निवळलं. झालं. प्रसाद घेतला आणि देवी शांत झाली. याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

मी मालकांना म्हणाले, "मला चक्कर आली होती." ते म्हणाले, "आई म्हणती देवी होती." पुढं बोलायचं मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आरतीनंतरची माझी उपवासाची भगरही बंद झाली. "ज्या अंगात ती येती त्या अंगानं कडक पाळावं लागतं," आत्याबाई म्हणाल्या. कपभर दूध आणि एक केळं, तेही आरतीनंतर. गोळी चालूच. तोडाही चालूच. देवी झाले म्हणून कुणी माझं कॅरेट उचललं नाही.

पाचव्या माळेलाही थोडं तसंच झालं. सातव्या माळेला पलीकडच्या वस्तीवरून बायका नारळ घेऊन आल्या. आठव्या माळेला दारात चपला मावत नव्हत्या.

त्या दिवशीचं मला सलग आठवत नाही. सिंधू माझ्यापुढं बसून विचारत होती, "आई, पोरीला मालेगावचं स्थळ आलंय. करू का नको?" तिचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. मग काळोख.

पुढचं मालकांनी सांगितलं. ते बाजारात फुलं टाकून, रिकामी कॅरेट घेऊन परत आले, तेव्हा मी जमिनीवर पडले होते, दात घट्ट मिटलेले. सगळ्या बायका हात जोडून गोल बसल्या होत्या. "हात लावायचा नाय कुणी," आत्याबाई सांगत होत्या. "आई बोलंल आता." किती वेळ बसल्या होत्या, ते कुणालाच धड सांगता येत नाही.

मालकांनी माझा हात धरला. "ही गार पडलीय. घामानं लुगडं भिजलंय हिचं."

"बाटवशील तिला! बाहेरून आलास, पायसुद्धा धुतले नाय."

"बाटू दे. बायको हाय माझी," ते म्हणाले आणि मला उचलून फुलांच्या टेम्पोत घातलं.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडून ऐकून घेतलं आहे.

दवाखान्यात बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त घेतलं. ग्लुकोमीटर म्हणजे साखर मोजायचं छोटं मशीन, त्यात छत्तीस आकडा आला. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि मी डोळे उघडले. वाटलं होतं लगेच घरी सोडतील, पण नाही. माझ्या गोळीचा असर अंगात बराच वेळ राहतो, त्यामुळे साखर पुन्हा घसरते, म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. सारखं बोट टोचायचे. बोटं चाळणीसारखी झाली.

बाहेरच्या बाकड्यावर आत्याबाई कुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वस्तीवरच्या दोघी-तिघी नारळ घेऊन आल्या, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "इथं देऊळ नाही. पेशंटला बघायचं तर एकेकीनं या. नारळ बाहेर ठेवा." दोघी बाहेरच्या बाहेर गेल्या. त्यांना देवी बघायची होती, पेशंट नाही.

पहिल्या दिवशी एक तरुण डॉक्टर मालकांवर ओरडले, "गोळी घेऊन उपवास? एवढं पण कळत नाही तुम्हा लोकांना?"

मी डोळे मिटून घेतले. आतून म्हणत होते, सांगितलं कुणी होतं? गोळी लिहायला हात आहे आणि "जेवला नाहीत तर मराल" हे सांगायला तोंड नाही? कळत नाही म्हणूनच दवाखान्यात येतो ना आम्ही?

डॉक्टरीणबाईंनी मात्र खुर्ची ओढून सांगितलं. त्यांनी गोळी बदलली. आणि जे सांगितलं ते इथं लिहिते. तुम्ही विचारलं नाही तर कदाचित तुम्हालाही कुणी सांगणार नाही.

गोळी घेतली की जेवण टाळायचं नाही. उपवास करायचा तर आधी डॉक्टरला विचारायचं, गोळी मनानं बंदही करायची नाही. हात थरथरले, घाम फुटला, उगाच चिडचिड झाली, डोळ्यांपुढं अंधुक झालं, तर लगेच साखर मोजायची. मशीन नसेल तर थांबायचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची. हो, साखरच, साखरेच्या पेशंटला. पाव तास थांबून पुन्हा मोजायची, कमी असेल तर पुन्हा प्यायची, मग भाकरी खायची. आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ते छातीत जातं. सरळ दवाखाना गाठायचा.

घरी आले तर दसरा होऊन गेला होता. आत्याबाई माझ्याशी बोलेनात. सिंधू मात्र बोलली. "घरात आलेली देवी सलाईन लावून घालवली. माझ्या पोरीचा कौल राहिला तो राहिलाच."

मी खाली मान घालून शेवंती निवडत राहिले. मनात म्हटलं, तुझ्या पोरीच्या लग्नासाठी मी मरायचं होतं का? देवी म्हणून माझ्या पाया पडलीस, वहिनी म्हणून एकदा "जेवलीस का" विचारलं असतंस तर मी पडलेच नसते.

लग्नसराईत एका दुपारी आम्ही सासू-सुना हार ओवत बसलो होतो. हारांची घाई होती, जेवण मागं पडलं. सुई माझ्या हातातून पडली. हात थरथरत होते. आत्याबाईंनी बघितलं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

कुठून बळ आलं माहीत नाही. मी म्हणाले, "आत्याबाई, नमस्कार नको. मशीन द्या."

दवाखान्यातून आल्यावर मालकांनी विकत आणलेलं मशीन फळीवर होतं, ते त्यांनी आणून दिलं. मी बोट टोचलं. "काय म्हणतंय ते?" त्यांनी विचारलं. अठ्ठावन्न होतं. मी म्हणाले, "सत्तरच्या खाली जायला नको, गेलीय. तीन चमचे साखर पाण्यात घालून आणा." त्यांनी आणली. मी प्याले. आम्ही दोघी घड्याळाकडे बघत बसलो. थरथर थांबली, घाम सुकला. पुन्हा मोजलं तर शंभराच्या जवळ होतं.

आत्याबाईंनी रिकामा पेला उचलून घेतला.

"थोरल्या आईंनापण असाच घाम सुटायचा," त्या म्हणाल्या. "त्यापण प्रसाद खाल्ला की शांत व्हायच्या."

मी खाली पडलेली सुई उचलली.

"त्या वारं आलेलं असतानाच गेल्या. आम्ही सगळ्या हात जोडून बसलो होतो."

थोरल्या आईंना काय होतं, ते आता कोण सांगणार? त्यांचं बोट कुणी टोचलं नव्हतं. त्यांना साखर होती की नव्हती, मला ठाऊक नाही. पण त्याही सगळ्यांच्या शेवटी जेवत होत्या, हे ठाऊक आहे. त्या दिवशी आत्याबाईंनी भाकरी वाढली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.

पुढच्या नवरात्रात घट बसले. मी उपवास धरला नाही. पहाटे मळ्यात निघाले तर आत्याबाई फडक्यात भाकरी घेऊन दारात उभ्या. "इथंच खा. माझ्यासमोर." घटाला माळ चढायच्या आधी, त्या घरात, एका सुनेला. मी खाल्ली. देवीनं काही केलं नाही. देवीला कधी अडचण नव्हतीच. अडचण माणसांना होती.

तरी एका माळेला तोडा लांबला. आरतीला उभी राहिले आणि ओठ बधिर झाले. हातातलं ताट खडखडायला लागलं. सिंधू माझ्या शेजारीच होती. तिनं पाहिलं, टाळ्या थांबवल्या, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्या पायाशी वाकायला लागली.

"ए सिंधे!" आत्याबाई आरती मध्येच सोडून ओरडल्या. "पाया काय पडती? साखर आण!"

सिंधूनं घटापुढची वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली.