मिकच्या नावावर गेलेली लढाई

इंग्रजांना डब्लिनमधून हाकलायची लढाई चालू होती तेव्हा माझी नोनीमावशी एकोणीस वर्षांची होती. अंबाड्यात चिठ्ठ्या खोचून, लोण्याच्या टोपलीत पिस्तुलं लपवून ती सायकलवरून वीस मैल जायची. वाटेत शिपायांनी अडवलं, तर त्यांच्याकडूनच चाकात हवा भरून घ्यायची. मिककाका तेव्हा लिव्हरपूलच्या गोदीत पोती उचलत होता. त्यांचं लग्न त्यानंतर चार वर्षांनी झालं.

पण आमच्याकडे लग्न झालं की बाईचं नाव गेलंच म्हणून समजा. पुढे जुन्या लढवय्यांची यादी झाली, तेव्हा मावशीची नोंद 'मिसेस मायकल कलहेन' अशी पडली. सहासष्ट साली, इंग्रजांविरुद्धच्या सोळा सालच्या उठावाला पन्नास वर्षं झाली म्हणून, डब्लिनहून एक प्राध्यापक पुस्तक लिहायला आले. पिस्तुलं नेणारी बाई असेल, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. 'मिसेस' ही कारकुनाची चूक, असं ठरवून त्यांनी ते खोडलं; उरला नुसता मायकल, म्हणजे आमचा मिककाका. मावशीच्या वाट्याला एक ओळ आली: पत्नीने चहापाण्याची व्यवस्था उत्तम ठेवली.

मिककाकाची मोठी पंचाईत झाली. मिरवणुकीत त्याला सगळ्यांच्या पुढे उभं केलं, पबमध्ये बिअर फुकट. "अरे, तो मी नव्हतो रे," असं तो जीव तोडून सांगायचा, आणि लोकांना तो आणखीच विनम्र वाटायचा. वारला तेव्हा शवपेटीवर झेंडा पांघरला. मावशी रडता रडता हसली. मला मात्र संताप आला, आणि अजून येतो.

सत्त्याऐंशी साली इमर आली. बायकांचा इतिहास लिहिणारी, विद्यापीठातली तरुण पोरगी. मरण्याआधी एकदा आपलं नाव छापून यावं, एवढंच मावशीने तिच्याकडे मागितलं. आठवडाभर ऐकून इमरने लेख वाचून दाखवला. त्यात नोनी टँग्नी हे माहेरचं नाव ठसठशीत होतं. मावशी खुलली. पुढच्या ओळीत मात्र नवऱ्याने तिचं श्रेय लाटलं होतं आणि तिला चुलीशी जखडलं होतं.

"हे काढ, पोरी," मावशी म्हणाली.

इमरने परोपरीने समजावलं. त्यावरच सगळा लेख उभा होता. ते काढलं तर मावशीचा भागच गाळावा लागणार होता. मी डोळ्यांनी खुणावत होते, पदरी पडलं ते पवित्र मानून घे म्हणून.

"त्या प्राध्यापकाने माझी लढाई मिकला दिली," मावशी म्हणाली. "आता ती मला परत करायला तू मिकला चोर ठरवतेस. अगं, आमच्या घरी चाळीस वर्षं चहा तोच करायचा. माझा चहा कुत्रंसुद्धा पीत नाही."

वसंतात लेख आला. त्यात मावशी नव्हती. वाईट वाटलं का, असं मी विचारलं.

"वाटलं गं, खूप वाटलं. पण दर रविवारी मिकच्या थडग्यावर जाते मी. त्याला काय तोंड दाखवलं असतं?"