मामांची पाणबुडी

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यातल्या घरी आरामखुर्चीत बसून, शंभर वर्षांपूर्वीच्या चिली देशाच्या पाणबुडीत गुदमरणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच, आणि तो आमच्या हिचा मामा. कागदाच्या कारखान्यात मामांनी उभी हयात मोठमोठ्या बंद टाक्यांच्या पोटात उतरून दुरुस्त्या केल्या, आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांना बंद जागेची धास्ती बसली. "नोकरीत भ्यायला सवड कुठं होती?" असं ते म्हणतात. न्हाणीघराची कडी ते लावत नाहीत, आत कुणी आहे हे कळावं म्हणून मोठ्यानं आरती म्हणतात, आणि आरती थांबली की मामी स्वयंपाकघरातून ओरडतात, "अहो, आहात ना?" एटीएममध्ये शिरताना एक चप्पल दारात अडकवून ठेवतात. डोक्यातून घालायचा स्वेटर तर त्यांनी जन्माचा वर्ज्य केला आहे.

अशा माणसानं पाणबुड्यांच्या नादी का लागावं? पण लागले. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी चिलीसाठी बांधायला घेतलेली मोठी जहाजं स्वतःच ठेवून घेतली आणि बदल्यात पाणबुड्या दिल्या, हे त्यांनी मोबाइलवर वाचलं. "म्हणजे म्हैस ठेवून घेतली अन् शेळ्या दिल्या, जावईबापू! त्याही पाण्याखाली चरणाऱ्या!" इथवर ते हसत सांगत. मग त्यातली एक सरावात बुडाली, आत वीस-पंचवीस माणसं, इथं आले की आवाज खाली जाई आणि ते उठून खिडकी उघडायला जात. खिडकी आधीच उघडी असे.

गेल्या श्रावणात पूजेची केळी आणायला आम्ही दोघं स्कूटरनं जैनाबादला गेलो. तिथं ओळखीच्या एकाची केळी पिकवायची खोली आहे. जाड भिंती, फ्रिजसारखं दार. मामा अर्थातच बाहेर थांबले. मी घड बघत आत गेलो आणि मागं दार धप्पकन लागलं. आतला दांडा तुटलेला होता. तेवढ्यात वीजही गेली. मी दार बडवलं, ओरडलो. त्या गोड, जड वासात श्वास पुरेना. बाहेर मामा कडीशी झटत होते, ती हलेना. मग फोनवर खोलीच्या मालकावर किंचाळले, "जल्दी आओ, आदमी अंदर है!" त्यानंतर सगळं शांत. मामा पळाले, असंच मला वाटलं.

दाराच्या खालच्या रबराला चीर होती. तिच्यातून, अगदी जमिनीलगत, आवाज आला.

"जावईबापू, खाली झोपा. नाक इथं लावा. बोंबलू नका, सांस वाया जाते."

"मामा, मी गुदमरतोय."

"मी पण. ऐका. त्या पाणबुडीतही असंच झालं होतं. वरच्यांनी क्रेन आणल्या, साखळ्या अडकवल्या, ओढायला लागले."

"अन् माणसं?"

चिरेपलीकडं त्यांनी एक मोठा श्वास घेतला.

"निघाली. एकूण एक. आता माझ्यासंगं श्वास घ्या. हळू."

किती वेळ आम्ही एका दाराच्या दोन बाजूंना पालथे पडून श्वास घेत होतो, देव जाणे. शेवटी मालकानं पहारीनं दार उचकटलं. मी आपल्या पायांनी बाहेर आलो. चिखलात पडलेल्या मामांना मात्र दोघांनी धरून उठवावं लागलं.

परतताना तापीच्या पुलावर त्यांनी स्कूटर थांबवायला लावली.

"खोटं बोललो मी, जावईबापू. क्रेन आल्या, तिथवरच वाचलंय. पुढं हिंमत नाही झाली कधी." त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "तुम्ही वाचा."

मी वाचलं. पाणबुडी वर आली होती.

"सगळे जिवंत निघाले, मामा."

त्यांनी कठडा घट्ट धरला. खाली नदी गढूळ, भरून चालली होती.

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचलं. आणि त्यांनी न सांगता, आणखी एकदा.