सुनंदामावशीच्या नावाने

सुनंदामावशीचं काम माझ्यामुळे गेलं. तीन हंगामांपूर्वी, महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, दिंडोरीजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमधून. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आमच्या कामगार संघटनेत नाही, घरी नाही, तिला तर नाहीच.

मी पत्रकं लिहिते. कारखान्यांच्या गेटवर उभी राहून वाटतेही. एखादं तुमच्याही हातात पडलं असेल. सगळ्यात गाजलं ते 'द्राक्षांना सेन्सर, बायांना स्वेटरही नाही'. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. माल टिकावा म्हणून अख्खा हॉल गार ठेवायचे, आणि बाया दिवसभर तिथे उभ्या राहून पेट्या भरायच्या. हॉल किती गार आहे, ते सेन्सर मालकाच्या मोबाईलवर कळवत राहायचे. "पेटीला जरा गरम झालं की साहेब पळत येतो," मावशी म्हणायची, "आम्ही गारठलो तर म्हणतो, हात चालवा, ऊब येईल."

मावशी तिथली मुकादम. सेन्सर बसवायला आलेल्या माणसाला लॉगिनसाठी एक नाव हवं होतं. समोर ती होती, तिचं टाकलं. मग तेच सगळ्यांचं झालं. पासवर्ड कागदावर लिहून, हॉलमध्ये आकडे दाखवणाऱ्या टॅबच्या वर भिंतीला चिकटवलेला — कुणी विसरायला नको म्हणून! एवढी महागाची यंत्रणा, आणि किल्ली भिंतीवर.

मावशी मला हॉल दाखवायला घेऊन गेली. तो कागद मी वाचला. आणि घरी बसून, माझ्या मोबाईलवरून, तिच्या नावाने आत शिरले. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती का? कोण जाणे. मी विचारलंच नाही. हॉलच्या गारठ्याचे आकडे उचलले, ते स्वेटरचं पत्रक छापलं.

मालकाने सेन्सरवाल्याला बोलावलं. त्याने दाखवलं — बाहेरून कुणीतरी उघडलंय, नाव सुनंदा. झालं. कागद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण त्याच्याकडे कोण बघतंय?

मावशी आमच्या ऑफिसात आली. "मी नाय गं फोडलं, पोरी. मला तर तो टॅब चालू करायला पण दुसरं माणूस लागतं."

आणि मी काय म्हणाले? — इथेच दरवेळी माझा हात थांबतो — मी म्हणाले, "घाबरू नका मावशी. केलंत ते योग्यच केलंत."

ती उठून चालती झाली. तेव्हाच कळलं असेल का तिला?

मग मी दुसरं पत्रक काढलं. 'सत्य बाहेर आणणाऱ्या सुनंदाताईंना न्याय द्या.' सभेत टाळ्या पडल्या. मला वाटलं, मी तिला मोठी करतेय — नाही, खोटं कशाला बोलू, तसं काही वाटलं नव्हतं. मला स्वतःला वाचवायचं होतं. मालकाचा नुसता संशय होता; मी तो छापून गावोगाव वाटला. त्यानंतर एकाही पॅकहाऊसने तिला आत घेतलं नाही. "ती आतलं बाहेर नेते," एवढंच म्हणायचे. ज्या हाताखाली बाया होत्या, त्या हाताने ती आता दुसऱ्यांच्या बागेत रोजाने छाटणी करते.

बायांना स्वेटर मिळाले. पॅकहाऊसने पासवर्ड बदलला — नवा कागद, तीच भिंत. सुरक्षेसाठी एक बाई काढली, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. आणि मी? मी शिबिरांत सांगत फिरते, प्रत्येकाने स्वतःचं वेगळं लॉगिन मागा, नाहीतर दुसऱ्याचं पाप तुमच्या नावावर चढेल. लोक माना डोलावतात. या वाक्याचा मला आता शीण आलाय.

माफी मागत नाही. पण हेही मी पत्रक म्हणूनच छापतेय, तेव्हा मालकांच्या हातातही जाईल. मालकहो, फोडणारी मी होते. हंगाम तोंडावर आलाय. सुनंदामावशीला कामावर बोलवा — आणि ती येण्याआधी भिंतीवरचा तो कागद फाडा.