रक्तातले हमाल

आमचे कंपाउंडर रामराम घालायच्या आधी समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून आत बघायचे. लाली दिसली तर पाठीवर थाप. फिकट दिसलं तर, "लोखंड कमी पडतंय रं तुला." दवाखाना तपासायला आलेल्या मामलेदारांचीही पापणी त्यांनी अशीच ओढली होती. मामलेदार संतापून शेरा लिहून गेले आणि पंधरा दिवसांनी शिपाई पाठवून गुपचूप औषधाची बाटली मागवून घेतली.

एकच विषय सापडलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. दुसरी मोठी लढाई संपून एखादं वर्ष झालं होतं. सांगलीपासून चार कोसांवर, कृष्णाकाठच्या गावात मी शाळामास्तर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. एरवी दवाखाना म्हणजे कंपाउंडर. लढाईत ते पलटणीच्या इस्पितळात होते. तिथल्या साहेबाने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलेला रक्ताचा थेंब त्यांच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. थेंबभर रक्तात लाखो तांबडे कण, आणि त्यांच्या लेखी ते सगळे सांगलीच्या हळदीच्या पेठेतले हमाल. फुप्फुसात जायचं, प्राणवायू पाठीवर घ्यायचा, मेंदूपासून पायाच्या करंगळीपर्यंत पोचवायचा, येताना थोडी खराब हवा घेऊन परत. हमालाच्या अंगात लोखंड असतं, प्राणवायू त्यालाच धरून बसतो. "तीन-चार महिने वझं वाहत्यात आन् मरत्यात, गड्या. रजा न्हाई, पेन्शन न्हाई." हे सांगताना ते डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यायचे. माणसाच्या मयतीला ते इतके हळवे झालेले मी पाहिले नाहीत.

माझी बायको शांता तेव्हा पोटुशी होती. नदीवरून घागर आणताना तिला तीनदा बसावं लागे. आईच्या मते हे सगळं आजकालच्या पोरींचं नाजूकपण. कंपाउंडरांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून शांताला स्वतःच पापणी ओढायला लावली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, निम्मे हमालच न्हाईत. बाळंतपणात रक्त गेलं तर पोरगी हातची जाईल." डॉक्टरांच्या पुढच्या वारी मी शांताला दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरांनी लोखंडाचं औषध दिलं. दात काळे पडू नयेत म्हणून ते पपईच्या पानाच्या पोकळ देठाने ओढून प्यायचं. शिवाय पोटभर जेवण, आणि तिथेच घोडं अडलं. आमच्या घरी सून सगळ्यांच्या मागून जेवायची, उरेल ते. कंपाउंडरांनी आईला विचारलं, "आवं काकी, उपाशी हमाल वझं कसं उचलंल?" आईने आमच्यात असंच असतं म्हणून विषय मिटवला. मग कंपाउंडर रोज जेवणवेळेला येऊन सोप्यात बसू लागले. शांताच्या पानात भाकरी, मेथी, उसळ पडल्याशिवाय उठायचे नाहीत. परका पुरुष बसलेला असताना आईला घास उतरेना. ते एकदाचे जावेत म्हणून ती शांताला आधी वाढू लागली.

पापणी दिवसेंदिवस लाल होत चालली. मास्तरांच्या घरी हमालांची भरती जोरात आहे, असं कंपाउंडर गावभर सांगत सुटले. आणि एका सकाळी शांता घाटाच्या पायऱ्यांवर घागरीसकट कोसळली.

तिला घरी आणल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या अंगठ्याने तिची पापणी ओढली. आत पांढरं फटक. मग शांताने रडत रडत सांगितलं. औषधाची चव तिला सोसवत नव्हती. ते ती केळीच्या बुंध्यात ओतायची आणि कंपाउंडर यायच्या आधी मिरचीचं बोट डोळ्याला लावायची. डोळ्यांतलं पाणी आम्ही सगळे चुलीच्या धुराचं समजत होतो.

आता हे खवळणार, असं मला वाटलं. ते भिंतीला टेकून खालीच बसले.

"पलटणीच्या भरतीत पास व्हाया फिकट पोरं हेच करायची," ते म्हणाले. "तिथं मी धा-धा पकडली. हितं घरच्या पोरीनं फसवलं."

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःचा पेला घेऊन येऊ लागले. शांतासमोर बसून तेवढंच औषध प्यायचे, तेही देठाशिवाय, घोट तोंडात घोळवून, बासुंदी प्यायल्याचा चेहरा करून. शांताला हसू फुटायचं आणि हसता हसता तिचाही पेला संपायचा. महिन्याभरात कंपाउंडरांचे दात शाई प्यायल्यासारखे झाले. त्या दातांकडे बघून जेवण कसं उतरायचं, अशी आईची कुरकुर चालायची, पण त्यांच्यापुढे चहा तीच ठेवायची.

मुलगी झाली. रक्त बरंच गेलं, सुईण घाबरून गेली. दोन महिन्यांमागे हे झालं असतं तर शांता वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. कंपाउंडर सकाळपासून बाहेर ओट्यावर बसून होते. मी सांगायला गेलो तर त्यांनी तोंड फिरवलं आणि टोपीने डोळे पुसले. तेव्हा मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते सख्ख्या भावाबद्दलही कधी वाटलेलं नाही.

पुढे त्यांची जतला बदली झाली. दोनेक वर्षांनी तिथून कार्ड आलं, तापाने गेले म्हणून. मी ते वाचून दाखवलं. शांता पोरीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसून राहिली, जेवायला उठेना. मी दोनदा बोलावलं, तिने नुसती मान हलवली.

मग आईने ताट वाढून आणलं, तिच्यापुढे ठेवलं आणि समोर फतकल मारून बसली.

"जेव," ती म्हणाली. "तू जेवल्याबिगर मी हितनं उठायची न्हाई."