डबीमागचा नंबर

थर्टीफर्स्टच्या फटाक्यांचा धूर गार हवेत दाटला, की मला जर्मनीतल्या एर्लांगेनजवळचा तो नेमबाजी क्लब आठवतो. माझी पीएचडी चालू होती. क्लबची जुनी रायफल एका वेळी एकच गोळी घ्यायची, आणि तिची बारीक काडतुसं काही घरी दारू भरून बनवता येत नाहीत. विकतची नीट निवडायची, एवढंच आपल्या हातात. म्हणून क्लबच्या स्पर्धेसाठी तो सबंध हिवाळा मी आणि आमचे म्हातारे प्रशिक्षक रायफल टेबलावर घट्ट आवळून काडतुसांची एकेक डबी तपासत बसलो. कंपनी तीच, डबी तीच, फक्त मागचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातली खेप, वेगळी. तरी एखाद्या लॉटची छिद्रं कागदभर विखुरायची. मेणचट काडतुसं हाताळून माझी बोटं काळी व्हायची. शेवटी एका लॉटच्या सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्या. “गेनाऊ! अगदी बरोबर! आपल्या रायफलला हेच आवडतं,” म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली. स्पर्धेच्या सकाळी त्यांनी डबी दिली, ती मी सवयीने उलटी केली, तर नंबर दुसराच. आमचा लॉट त्यांच्या पुतणीच्या हातात होता. माझ्यानंतर त्याच रायफलने तीही स्पर्धेत उतरणार होती. “हा आपला लॉट नाही,” मी म्हटलं. “आल्झो, हे बघ, तू तर पाहुणी आमच्याकडची,” ते प्रेमाने हसले, “तुला काय फरक पडतो? सगळं सारखंच असतं.” त्यानंतर मी क्लबात गेले नाही. आता ऑफिसात कुणी खांद्यावर हात ठेवून “इथे आपण सगळे सारखेच” म्हणालं, की मीही हसते, आणि मनातल्या मनात डबी उलटी करून बघते.